खांब ठोकायचं यंत्र
आज बाळकुमच्या रस्त्यावर तापलेल्या ऑइलचा वास आला आणि कल्याणजवळची आपली जमीन आठवली. ती तुमच्या आजोबांची आणि त्यांच्या धाकट्या भावाची, निम्मी निम्मी. त्या भावजींना, म्हणजे तुमच्या चुलत आजोबांना, कुंपणासाठी ट्रॅक्टरच्या मागे बसणारं, खांब ठोकायचं यंत्र बनवून घ्यायचं होतं. इंग्रजी माहितीपत्रकं घेऊन ते नौपाड्यात आमच्याकडे आले. मी सगळी नीट वाचली आणि सांगितलं, मुरमात खड्डा खणून पुरलेला खांब काही दिवसांनी हलायला लागतो, त्यापेक्षा वरून आदळणारा जड घण बसवून घ्या. कल्याणच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी यंत्र अगदी तसंच बनवलं. महिन्याभराने आम्ही जमिनीवर गेलो, तर तापलेल्या ऑइलचा वास सुटला होता, घण धाडधाड आदळत होता आणि खांबांची रांग आमच्या वाटेला आडवी उभी राहत होती. आमच्या भागात जायला तेवढी एकच वाट होती. “भावजी, ही आमची वाट आहे,” मी म्हटलं. ट्रॅक्टरवरून न उतरता ते म्हणाले, “कागदावर दाखवा. वाचता येतं ना तुम्हाला, वहिनी?” वाट कागदावर नव्हतीच. भावाभावांतही ती लिहून घ्यायची असते, हे आजोबांच्या मनातही आलं नव्हतं. मी एक खांब दोन्ही हातांनी हलवून पाहिला. तसूभरही हलला नाही. “हलायचा नाही तो,” भावजी हसले, “तुमचीच निवड आहे.” चुलत आजोबांकडे आपण का जात नाही, असं तुम्ही फोनवर विचारता. वयाबरोबर राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही, आणि निवावा असं मला वाटतही नाही.