आबांचं आयरिस

खुर्ची पुढे केली तर आबा आधी तिच्या पाठीवर बोटाचं पेर वाजवत, चारही पाय हलवून बघत आणि मग न बसताच म्हणत, "बघून घेतल्यालं बरं." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, कुलूप लावून पुन्हा ओढून बघणारी. आबा ते अर्ध्या वाटेवरून परत येऊन ओढत.

तसा त्यांचा दोष नव्हता. सगळा जन्म रेल्वेत गेला. घाट उतरण्याआधी लोणावळ्याला गाडी थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन हे डब्यांखाली वाकायचे, चाकांवर ठोके मारून आवाजावरून तडा ओळखायचे. तिथं या खोडीवर माणसांचे जीव अवलंबून होते. निवृत्त होऊन वलवणला घर बांधलं आणि तीच खोड घरात शिरली.

साठच्या दशकात लोणावळ्यात आयरिस या फुलझाडाच्या नादी लागलेले आम्ही पाच-सहा आयरिसवाले होतो. तुंगार्लीच्या बंगल्यातल्या डॉक्टरीणबाई, स्टेशनच्या बागेचा माळी, शाळेतली बाई म्हणजे मी, असे. आल्यासारखा गड्डा, वर तलवारीसारखी पानं आणि माघाच्या थंडीत एखादं जांभळं फूल, तेही नशिबात असलं तर. आमच्या पावसात गड्डा कुजायलाच टपलेला, म्हणून वर पत्र्याचं छप्पर करायचं. कुणाचा कुजला, कुणाकडे कळी आली, याच आमच्या बातम्या. त्या घरोघर पोचवायचं काम आबांनी आपणहून घेतलं होतं. बातमी सांगून झाली की चहा यायच्या आत ते पुढच्या फाटकाशी.

फूल सगळ्यांकडे आलं, आबांकडे नाही. कारण उघड होतं. मुळं धरली का हे पाहायला ते आठ-पंधरा दिवसांनी गड्डाच उकरून काढत. "वर्षभर हात लावू नका," डॉक्टरीणबाई सांगून थकल्या. "व्हय, व्हय," म्हणायचे आणि घरी जाऊन खुरपं घ्यायचे.

मला राग यायचा, कारण हा नुसत्या हौसेचा मामला नव्हता. मावशी, म्हणजे आबांची बायको, अंथरुणाला खिळली होती आणि ती त्यातून उठणार नाही हे आम्हाला कळून चुकलं होतं. तिच्या खिडकीखालीच तो वाफा होता. एकदा मी माझ्याकडचं फूल तोडून नेलं, तर तिनं तोंड फिरवलं. "आपल्या दारचं पायजे," म्हणाली. आबा तिलाही दिवसातून दहादा तपासत. कपाळाला हात लावायचा, नाडी बघायची, पाय हलतो का विचारायचं, की लगेच बाहेर.

"मला बी उकरून बघनार का?" ती एकदा म्हणाली. मी हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी वळचणीतलं खुरपं काढून माझ्या हातात दिलं. "बाई, हे तुमच्या घरी ठिवा."

मग त्यांच्या पायाला भिंगरीच लागली. सकाळी स्टेशनची बाग, दुपारी तुंगार्ली, संध्याकाळी माझं दार.

"बाई, तुमचं जरा उकरून बघू?"

"अजिबात नाही."

"एकाच गड्ड्याचा वाण हाय. तुमचं कळलं म्हंजी आमचं कळलं."

हाकलून लावलं तरी दुसऱ्या दिवशी हजर. इकडे मावशी खंगत चालली होती. मलाही चैन पडेना. शाळा सुटली की माझे पाय आपोआप वलवणकडे वळत. कळी दिसली तेव्हा तर मला रात्रीची झोप लागेना.

माघ संपता संपता फूल उमललं. निरोप मिळाला तशी मी धावले. मावशीला उशांना टेकवून बसवलं होतं आणि खाटेच्या कडेला आबा चक्क बसले होते. तिचा हात हातात, नजर खिडकीबाहेर. मी स्टोव्ह पेटवला, चहा केला, त्यांनी तो पिऊन संपवला, तरी उठले नाहीत. आत येताना मी त्यांना दिसले तरी की नाही कोण जाणे.

मावशीनं मला खुणेनं जवळ बोलावलं. ती फुलाकडे बघतच नव्हती.

"फुलाचं काय ओ बाई, डोंगरात लय हायेत," ती हळूच म्हणाली. "चाळीस वर्सं झाली, ह्यास्नी बसल्यालं कवा बघितलं न्हवतं."

चैत्रात ती गेली. तेरावा झाल्यावर आबा माझ्याकडे आले, मातीसकट सगळं झाड पोत्यात घालून. दौंडला मुलाकडे राहायला चालले होते. थोडा वेळ तरी बसा, म्हटलं.

"ती हुती तवर बसलो, बाई," ते म्हणाले. "आता कुनापाशी बसू?"

पोतं ओट्यावर ठेवून ते स्टेशनकडे निघाले. गाडीला अजून पुष्कळ वेळ होता.