डब्यातलं घड्याळ

माझी धाकटी बहीण कंटेनरला कंटेनर म्हणत नाही, डबा म्हणते. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात भरायचं, झाकण लावायचं आणि तो डबा सर्व्हरवर नेऊन चालू करायचा. मी बारामतीत एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो. मला हा शब्द आधी पोरकट वाटायचा, आता ऑफिसात मीच डबा डबा करत असतो.

तिचं सासर सणसरला. तिथं काही शेतकऱ्यांची सामाईक पाइपलाइन आहे आणि पाणी पाळीपाळीने मिळतं. पाळीवरून कुणाचं ना कुणाचं रोज वाजायचं. म्हणून तिने मोबाइलवर उघडणारं एक पान तयार केलं: आत्ता पाळी कुणाची, एवढंच त्यावर दिसणार. मंडळी एका अटीवर तयार झाली. पहिल्याच दिवशी घोळ झाला, तर पान बंद आणि पुन्हा आपला तोंडी कारभार. तिच्यासाठी सासऱ्यांनी शब्द टाकला होता, त्यामुळे बाई पार धास्तावली होती.

त्या दिवशी मी मुद्दाम सकाळीच तिच्याकडे गेलो. बघतो तर व्हॉल्वपाशी गर्दी आणि आरडाओरडा. पाळी होती शेजारच्या चाचांची. त्यांनी आदल्याच दिवशी वांग्याची रोपं लावलेली. पण व्हॉल्व धरून उभे होते तात्या. त्यांची पाळी पहाटेच संपली होती, आणि हाती आलेलं पाणी सुखासुखी सोडतील ते तात्या कसले! आज तर त्यांच्याकडे पुरावाच होता.

"हे बघा, आत्ता माजंच नाव हाय. मोबाइल काय खोटं बोलतोय व्हय?"

बहिणीने पान पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. काय झालंय ते तिला लगेच कळलं. तिच्या लॅपटॉपचं घड्याळ भारतातलं, म्हणून तिथं पान बरोबर चाललं होतं. डब्यातलं घड्याळ मात्र, आपण वेगळं सांगितलं नाही तर, जागतिक वेळेवर चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं आणि डब्यात अजून पहाटच होती.

माझा धीर सुटला. तिच्या कानाशी लागून म्हणालो, "चालू डब्यात शिर आणि घड्याळ पुढं कर. कुणाला पत्ताबी लागायचा न्हाय."

"न्हाय दादा. चालू डब्यात हात घालायचा न्हाय. उद्या डबा नव्यानं लावला की परत पहाटच." मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तात्या, मोबाइल चुकलाय. म्हंजे मीच चुकले. पाळी चाचांचीच हाय. हा डबा काढते, दुसरा भरून लावते."

"ऐन भांडणात डबा कसला काढतीस, पोरी? जेवनाचं मागनं बघू!" तात्या म्हणाले.

चाचासुद्धा हसले. ती लॅपटॉप घेऊन बांधावर मांडी घालून बसली. डबा कसा भरायचा हे ज्या फाइलीत लिहिलेलं असतं, तिच्यात आपल्या वेळेची एक ओळ घातली, नवा डबा भरला, सर्व्हरवर आधी बाजूला चालवून पाहिला आणि मगच जुना काढून त्याच्या जागी लावला. आमच्या ऑफिसात अशा वेळी चार शहाणे आत घुसून खुडबुड करतात. हिच्या डोक्याशी माणसं खेकसत होती, पण हिने एक पायरी गाळली नाही. मला इतका अभिमान वाटला की मी मोठ्याने "वा!" म्हणालो. सासऱ्यांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"तात्या, पान परत उघडा."

तात्यांनी उघडलं. चाचांचं नाव आलं होतं. आता तात्या नुसते 'हे सारखं बदलतंय' म्हणाले असते, तरी सगळं तिथंच संपलं असतं. बहीण त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"मगा माजं नाव व्हतं तवा लगीच खरं मानलं," तात्या मोबाइल खिशात ठेवत म्हणाले. "मग आता चाचाचं आलंय, तर तेबी मानाय पायजे की."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने व्हॉल्व फिरवला.