धवलेरीचा आवाज

धंदा मोबाईलनं खाल्ला, असं सरावलीचा धीरज येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. खोटं नाही ते. पण धंदा जोरात चालला होता तेव्हा त्यानं स्वतः काय काय खाल्लं, हे विचारायला कोणी आलं नव्हतं. ते विचारायला सोमी आली, आणि तिलाही ठाऊक नव्हतं की आपण तेच विचारायला आलोय.

धीरजचा बाप औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात राबला. खोकला घेऊन घरी बसला तेव्हा पोरानं ठरवलं, कारखान्याच्या फाटकात पाऊल टाकायचं नाही. एक जुना व्हिडिओ कॅमेरा मिळवला, लग्नं घ्यायला लागला. हात चांगला होता त्याचा, हे मान्य करायला हवं. नवरी कुठल्या बाजूनं देखणी दिसते ते त्याला नवऱ्याच्या आधी कळायचं. कान मात्र देवानं दिले होते ते नुसते चष्मा अडकवायला.

कॅमेऱ्यातला आवाज म्हणजे कचरा, हे त्याचं ब्रीद होतं. जनरेटरची घरघर, पोरांची रडारड, मागून कोणाचं तरी ‘अगं, मीठ कुठंय?’ संगणकापुढं बसला की पहिलं काम, आवाजाची रेघ माऊसनं धरायची आणि तळाला ओढून शून्यावर न्यायची. मग वर सिनेमाची गाणी चढवायची. नवापूरच्या कोळीवाड्यातली हळद असो, बोईसरच्या चाळीतली वरात असो की मनोरकडच्या पाड्यावरचं वारल्यांचं लग्न असो, सगळ्यांना तीच गाणी. पाठवणीला एक ठरलेलं रडगाणं होतं. त्याच्यापुढं खदाखदा हसणारी नवरीसुद्धा रडल्यासारखी वाटे. लोक खूश होते. ‘तुझ्या डीव्हीडीत आवाज कसा साफ येतो रे,’ म्हणायचे. साफ म्हणजे अगदीच साफ.

आता लग्नं जो तो आपापल्या मोबाईलवर घेतो, आणि धीरज त्याच स्टुडिओच्या गाळ्यात झेरॉक्स काढतो आणि ओळखपत्रांचे फोटो.

चैत्रातल्या एका दुपारी सोमी आली. मनोरच्या पुढच्या पाड्यावरची, चाळिशीची बाई. दोन टमटम बदलून आली होती. काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेला डीव्हीडी प्लेअर आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक डिस्क. डिस्कवर धीरजच्याच स्टुडिओचं नाव होतं आणि दोन गुलाबांच्या मध्ये तिच्या भावाचा, सुकाचा, लग्नातला फोटो.

“शेट, चितर येतं. आवाज नाय येत,” ती म्हणाली.

“जुनी झाली गं ती. आता कोण बघतंय डीव्हीडी? फेकून दे,” धीरज म्हणाला. पाड्यावरच्या माणसांना सगळा बाजार अरे-तुरे करतो, तसाच तोही करायचा.

“माझी आयस हाय त्याच्यात.”

तिची आई मंगळी धवलेरी होती. वारल्यांच्या लग्नाला भटजी लागत नाही, धवलेरी लागते. ती गाते, आणि तिच्या गाण्यानंच लग्न लागतं. गाणं अडलं तर लग्न अडलं. मंगळी मागच्या पावसात गेली. तिच्यामागून गाणारी साखरबाई तिच्याही आधी गेलेली. बाकीच्या बायका नुसती शेवटची ओळ उचलणाऱ्या. आता सोमीच्या दिराच्या पोराचं, जानूचं, लग्न ठरलं होतं आणि पाड्यानं सोमीला सांगितलं होतं, आता तूच गायला बस.

“मला निम्मंच येतं शेट. भितीवर काढलेल्या चौकात देवीला बसवते, तवर येतं. पुढचं तुटतं. आयस म्हणायची शिक, आन मी म्हणायची मग शिकन. आता त्या डिसमंदीच हाय ते समदं. मनोरला दाखवलं, ते म्हणलं वायर खराब. वायर आणली. मंग म्हणलं टीव्ही खराब.”

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. धीरजला हसू आलं, आणि बऱ्याच दिवसांनी आपल्या कामाचं कोणीतरी काहीतरी घेऊन आलंय म्हणून बरंही वाटलं. त्यानं झेरॉक्सच्या मशीनवरचे कागद बाजूला सारले आणि प्लेअर जोडला.

आधी आपल्याकडची दुसरी डिस्क घातली. आवाज खणखणीत आला. म्हणजे प्लेअर ठीक, वायर ठीक. मग सोमीची डिस्क पुसून घातली. मांडव दिसला, दिवा दिसला, तांदळाच्या ढिगामागं बसलेली मंगळी दिसली. हनुवटीवरचं गोंदण हलत होतं, तोंड उघडत-मिटत होतं, आणि आवाजाच्या नावानं शंख. सोमी पडद्याकडं अशी बघत होती की आता एवढ्यात येईल.

धीरजनं तीच डिस्क संगणकात घातली, आणि गाळाभर आवाज झाला! सोमी स्टुलावरून उठलीच. पण दुसऱ्या क्षणाला तिचा चेहरा उतरला. मंगळीच्या तोंडातून कुठल्याशा सिनेमातली नटवी पोरगी प्रेमाचं गाणं म्हणत होती.

“ही माझी आयस नाय,” सोमी म्हणाली.

“थांब, थांब.” धीरजला आता खरोखरच चेव चढला होता. त्यानं डिस्क उघडून आतलं पाहिलं. आवाज एक नव्हता, दोन होते. आणि त्याला आठवलं, त्या वर्षी तो ही नवी युक्ती शिकला होता. एका डिस्कवर दोन आवाज, पहिला गाण्यांचा आणि दुसरा कॅमेऱ्याचा. त्यांना नावं द्यावी लागत. म्हणून त्यानं पहिल्याला इंग्रजी म्हटलं होतं आणि दुसऱ्याला हिंदी. सोमीचा प्लेअर हिंदीवर लावलेला. तो बिचारा इमानानं पहिला आवाज सोडून दुसरा वाजवत होता.

“सापडलं! गाणी पहिल्या आवाजात, तुझी आई दुसऱ्या आवाजात. दोन्ही वेगळे ठेवलेत मी.” हे सांगताना त्याची छाती फुगली होती. सोमीनं हात जोडले. “ठावं असतं तर आधीच आले असते की तुमच्याकडं,” ती म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला.

त्यानं दुसरा आवाज लावला. काही नाही. स्पीकर पूर्ण मोठा केला. वरचा पंखा ऐकू येत होता, बाहेर रस्त्यावर ट्रकवाला कोणाला तरी हिंदीत शिव्या देत होता, त्या ऐकू येत होत्या. आवाजाची रेघ पडद्यावर पसरली होती, ताटातल्या पाण्यासारखी सपाट. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक उंचवटा नाही.

तेव्हा धीरजला कळलं. दुसरा आवाज ठेवला होता खरा, पण ठेवण्याआधी सवयीप्रमाणे शून्यावर ओढला होता. पहिलं काम तेच. मंगळी रात्रभर गायली, आणि त्यानं माऊसच्या एका ओढीत तिला कचऱ्यात काढलं. ती मूळ टेप? तिच्यावर पुढचं लग्न घेतलं, त्याच्यावर आणखी पुढचं. सगळेच तसं करायचे.

सोमी वाट बघत होती. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंही. पण समोर ती हात जोडून बसलेली, आणि हा आत्ताच छाती फुगवून बसलेला. माणूस आपली अब्रू वाचवायला किती पटकन शहाणा होतो!

“हे बघा ताई,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं पाड्यावरच्या बाईला ताई म्हटलं, अहो-जाहो केलं. “डिस्कवर दोन थर असतात. वरचा राहिला, खालचा उडाला. ओल लागली की होतं असं. कुठं ठेवली होती तुम्ही?”

सोमी हळूच म्हणाली, “कणगीच्या मागं. ट्रंकेत. पावसात भिंत झिरपते तिथं.”

“मग झालं तर.”

“म्हंजे माझ्याच हातून गेली.”

धीरज ‘नाही’ म्हणू शकला असता, अजूनही. त्यानं स्पीकरची वायर गुंडाळायला घेतली.

“एकदा आयस नीट शिकवत व्हती ती सोडली,” सोमी स्वतःशीच बोलत होती, “आन एकदा अशी सोडली. तिला काय सांगू आता?” तिचे डोळे कोरडे होते. रडायचं ते आधीच आनंदात रडून झालं होतं. तिनं प्लेअर लुगड्यात गुंडाळला, गाठ मारली, आणि दारापर्यंत जाऊन परत वळली.

“शेट, तुमी तर व्हता तिथं. सारी रात तिच्या तोंडासमोर उभे, कॅमेरा धरून. माझ्यापरीस जवळ व्हता. देवी बसल्यावर पुढं काय गायली ती? एखादा बोल तरी आठवतो का?”

धीरजनं आठवून पाहिलं, आणि या खेपेला मनापासून. दिव्याचा पिवळा उजेड आठवला. हनुवटीवरचं गोंदण आठवलं. ती गाताना पुढं झुकायची आणि चौकटीबाहेर जायची, त्याचा राग आठवला. आवाज आठवला नाही. एक अक्षर नाही.

“नाही आठवत,” तो म्हणाला. एवढं मात्र खरं होतं.

सोमीनं मान हलवली. त्याला वाईट वाटू नये म्हणून ती थोडं हसलीसुद्धा.

“कसं आठवंल शेट,” ती म्हणाली, “तुमी तवा कामात व्हता.”