वर्षालीने आकडा मागे घेतला

नुसतं विचारल्यानेच समोरच्याचं उत्तर बदललं, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय का? वस्तीत सर्व्हे करताना मला हे रोज दिसतं. पोलिसाने विचारलं तर एक उत्तर, मी विचारलं तर दुसरं. पण यंत्रातही असं होतं, हे चिंचवडच्या एका लॅबमध्ये कळलं.

गेलो होतो भांडायला. त्यांच्या कॉम्प्रेसरच्या धडधडीने मागच्या चाळीतली माणसं वैतागली होती. दार उघडलं दापोडीच्या वर्षालीने. पूर्वी चाकणला गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत क्वालिटीला होती, आता इथे इंजिनिअर.

"काका, ओरडा, पण आत येऊन. कॉम्प्रेसर बंद केला तर आमचा फ्रीज गरम होईल."

फ्रीज कसला, छताला टांगलेलं पिंप! त्यात, अतिथंडीत, एक चिमुकलं सर्किट. त्याला क्युबिट म्हणतात, क्वांटम कॉम्प्युटरचा सगळ्यात छोटा भाग. तो शून्यावर आहे की एकावर, हे ओळखायला मायक्रोवेव्हचा हलका ठोका द्यायचा आणि परत येणारा क्षीण सिग्नल वाचायचा.

"मग ठोका जोरात द्या की!" मी म्हटलं.

ती हसली. "मीही तेच केलं. उत्तर लख्ख आलं. निरंजन सरांनी पेढे वाटले."

निरंजन तिचा टीमप्रमुख. सोमवारी गुंतवणूकदार येणार, म्हणून शंभरातली किती उत्तरं बरोबर येतात, तो अचूकतेचा आकडा फलकावर छापूनही झाला होता. पण चाकणची सवय जाते कुठे? तिथे तोच पार्ट पुन्हा मोजायचे, म्हणजे मोजणाऱ्याचीच परीक्षा. तिने क्युबिट लगोलग पुन्हा वाचला. कितीतरी वेळा उत्तर फिरलेलं! जोरात ठोकल्यामुळे क्युबिट भलत्याच अवस्थेत जात होता.

तिने हे सांगितल्यावर निरंजन माझ्यासमोरच तणतणला. "पाहुणे गेल्यावर सांगितलं असतंस तर?"

"सर, आकडा मी काढला. मीच मागे घेणार."

"आणि त्यांनी टीम बंद केली तर?"

"तर पुन्हा चाकणची बस."

मध्ये तोंड घालायची मला भारी खुमखुमी आली होती. पण हे भांडण माझं नव्हतं.

तिने ठोका हलका केला, त्याचा आकार बदलला. नवा आकडा खाली आला, पण पुन्हा वाचल्यावर टिकला. पाहुण्यांनी "एवढाच?" म्हणून नाक मुरडलं आणि टीमला फक्त दिवाळीपर्यंत मुदत दिली. कॉम्प्रेसरखाली रबर मात्र मी बसवूनच घेतलं.

लॅब शनिवारी बघायला खुली असते. जा. आकडा लहान म्हणून तोंड वाकडं करू नका. तो टिकवायला काय काय केलं, ते वर्षालीला विचारा.