बाबांनी जोडलेली कॉईल

घरात नवी वस्तू आणायची वेळ आली की बाबांना आधी पक्कड आठवायची. छत्रीची काडी असो की हीटरची कॉईल, मोडलेलं जोडता आलं नाही तर त्यांना तो स्वतःचा अपमान वाटे. माझा स्वभाव वेगळा. मला आधी ते का मोडलं, हे कळायला हवं असे.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी नागपुरात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आई टी.बी.च्या दवाखान्यात कित्येक महिने काढून घरी आली होती. दुखणं गेलं होतं, पण अंगात जीव नव्हता. धुराजवळ जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून सिगडी परसात गेली आणि स्वयंपाकाला विजेचा हीटर आला. बाबांना सकाळी जेवून सायकलनं सदर भागातल्या ऑफिसात जायचं असे. आई कणीक मळता मळता मध्येच भिंतीला टेकून बसायची. स्वयंपाकाला दोन तास लागत. शेवटी बाबा तिला म्हणाले, "दिवाळीपर्यंत पाहू. नाही जमलं त् तू तुया भावाकडं खेड्यावर जाय, आराम कर. इथलं ताई पाहीन."

ताई म्हणजे माझी आत्या. बाबांना काळजीच होती, पण आईला ते घरातून काढल्यासारखं लागलं. बायकोला आराम करायला माहेरी धाडतात, पण परत कधी आणणार ते सांगत नाहीत, हे मलाही कळत होतं. मी मनातून हादरले होते.

पोळा झाला, गणपती गेले, आणि आईचा हात चालू लागला. वरण पटकन शिजायचं, दूध बघता बघता वर यायचं. दसऱ्याच्या सुमारास तर सगळा स्वयंपाक तासाभरात आटपू लागला. "पाहा वं, कशी भराभर करून राहिली मी," आई मला म्हणायची. तेव्हाचा तिचा चेहरा मला अजून दिसतो. बाबाही खूश. "तू त् पयल्यावानी झाली!"

इकडे कॉईल सारखी तुटत होती. बाबा जळकी टोकं छाटत, उरलेली दोन टोकं एकमेकांत अडकवून पिळत आणि ताणून पुन्हा खाचेत बसवत. नवी आणायची म्हणजे त्यांच्या दृष्टीनं उधळपट्टी. "नव्यापेक्षा तेज चालते," असं वर कौतुक. फ्यूज उडू लागला तर त्यात त्यांनी दुहेरी तार घातली! प्लग तपकिरी पडला, जळका वास येऊ लागला. माझ्या डोक्यात किडा वळवळला. एकदा सकाळचा स्वयंपाक आटोपल्यावर मी ती कॉईल कागदात गुंडाळून कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेली.

चार व्होल्टला पॉइंट एक अँपिअर करंट गेला. व्होल्टेजला करंटनं भागलं, रेझिस्टन्स आला चाळीस ओहम. हजार वॉटच्या नव्या कॉईलचा त्रेपन्नच्या आसपास असायला हवा. प्रत्येक जोडकामात कॉईल आखूड झाली होती, म्हणून रेझिस्टन्स घटला, करंट वाढला. घरच्या दोनशे तीस व्होल्टचा वर्ग करून चाळीसनं भागला तर पॉवर तेराशे वॉटच्याही वर गेली. आमचा हीटर म्हातारपणी तापट झाला होता.

संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, "बाबा, तुमी तोडून तोडून कॉईल आखूड केली. पावर वाढली हाये. एखाद्या दिवशी आग लागन. नवी आणा."

आई मेथी निवडत होती. तिचे हात थांबले.

"म्हणजे सैपाक हीटरनंच लवकर केला," ती म्हणाली. "मले वाटे, माह्या हाताले बळ येऊन राहिलं."

मला माझ्या हुशारीचा असा राग आला की विचारू नका. दिवाळी तोंडावर आली होती. पण हिशोब अर्धवट सोडायचा नसतो. मी मनातल्या मनात पुढं आकडे मांडले.

"आई, थांब. पावर वाढली ती एक तृतीयांश. म्हणजे दोन तासांचं काम फार त् फार दीड तासावर येईन. तेही सगळं काम हीटरनंच केलं असं धरलं त्. कणीक काय हीटर मळते? तू त् तासाभरात उरकून राहिली."

"मंग वाचलेला वरचा अर्धा तास कुठून आला?" बाबांनी विचारलं.

"आईचा हाये तो."

आईनं माझ्याकडं नाही, बाबांकडं पाहिलं. "नक्की?"

"नक्की," मी म्हटलं.

तिनं पदर डोळ्यांना लावला. दवाखान्यात इतकी इंजेक्शनं घेतली, पण ती आमच्यासमोर कधी रडली नव्हती. आता मात्र हुंदके देऊन रडली, आणि मीही रडले.

बाबांनी उठून हीटरचा तपकिरी प्लग उपसून काढला. मग म्हणाले, "उद्या नवी कॉईल आणतो. सैपाकाले थोडा वेळ लागन त् लागू दे, मी सायकल जोरात हाणीन. पण तू कुठं जाऊ नको वं."