उत्तर आलं नाही तर

दोन हजार सालानंतरची गोष्ट. राजुऱ्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात मी कामांचे नकाशे काढायची. कोणतं काम कुणाकडून कुणाकडे जातं ते स्क्रीनवर चौकोन आणि बाणांनी दाखवायचं, मग तो नकाशाच आपोआप चालायचा. एका खात्याचा कॉम्प्युटर वेब सर्व्हिसमधून दुसऱ्या खात्याला विचारणार, उत्तर आलं की पुढचा चौकोन. मला त्याचा भारी माज होता.

चुनखडी वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या दुरुस्तीचा नकाशा करायचा होता. आमचे म्हातारे वायरमनभाऊ आधी पट्ट्याचा फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकत, मगच आत शिरत. बाहेर आल्यावर स्वतःच्या हाताने परत बसवत. तोवर साहेब कितीही ओरडोत, पट्टा बंद.

"भाऊ, आता फ्यूज काढायची गरज नाही," मी म्हटलं. "काम झालं का, असं कॉम्प्युटर विचारेल. तुम्ही फक्त हो म्हणायचं."

"अन् मी काईच बोललो नाई तं?"

"पंधरा मिनिटं वाट बघेल."

"अन् मंग?"

"मग पुढे जाईल." मी हसले. काम कुठं अडता कामा नये, हा साहेबांचा हेका. म्हणून गप्प राहणं म्हणजे होकार, असा बाण मीच काढला होता.

भाऊंनी त्या बाणावर बोट ठेवलं. "बाई, मले हे काई ठीक नाई वाटून राह्यलं."

झालं, म्हाताऱ्यांचं नेहमीचंच, असं मी मनात म्हटलं.

पहिल्याच आठवड्यात एका दुपारी मी कंट्रोल रूममध्ये उभी होते. स्क्रीनवरचा पट्ट्याचा पिवळा चौकोन बघता बघता हिरवा झाला, म्हणजे काम संपलं, पट्टा चालू करा. ऑपरेटरने बटण दाबलं. पट्टा हलेना.

"काऊन चालून नाई राह्यला?" तो पुन्हा बटणाकडे हात नेऊ लागला.

मी घड्याळ बघितलं. पंधरा मिनिटं झाली होती, भाऊंचा 'हो' आलाच नव्हता. "हात लावू नको!" मी किंचाळले आणि धावत सुटले.

भाऊ पट्ट्याखालून सरपटत बाहेर येत होते, धुळीने पांढरेफटक. माझं तोंड बघून त्यांना सगळं कळलं. खिशातला फ्यूज काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. अंगाच्या उबेने तो गरम होता.

"मी आत असलो का उत्तर कुठून देऊ, बाई?"

रागावले असते तर बरं झालं असतं. मी तिथंच रडले.

तो बाण लगेच खोडला. पण कौतुक म्हणून माझा नकाशा, 'फ्यूज काढायची गरज नाही' या माझ्या सूचनेसकट, आधीच आणखी दोन कारखान्यांत गेला होता. तो बाण खोडा, हे सांगायला मी दोन्हीकडे फोन लावला. पहिल्याने फोन लगेच उचलला. दुसऱ्याचा वाजत राहिला. पंधरा मिनिटं मी लावत होते, कुणी उचलेना.

संध्याकाळी तिकडून फोन आला. तिथला वायरमन पट्ट्यात सापडून गेला होता. फ्यूज जागच्या जागी होता, मी लिहून दिलं होतं तसा.