चाचा आणि माझं न घेतलेलं ई-रीडर

अकोल्यातल्या आमच्या गल्लीत पुस्तक मागून नेणं हा हक्क आणि ते परत मागणं हा अपमान. समोरच्या गादीवाल्या चाचांनी माझं अर्धं कपाट असंच रिकामं केलं होतं. कापसाला भाव नव्हता, तेव्हा लोक घरच्याच कापसाच्या गाद्या भरून घेत. चाचांना मान वर करायला फुरसत नसे. वाचायला मात्र असे. परत आलेल्या एकुलत्या एक पुस्तकात कापूस निघाला, तेव्हा मी वैतागलो. ई-रीडरच घ्यावं! यंत्र कोण मागणार?

तोऱ्यात चाचांना सांगितलं, "आता माझी सगळी पुस्तकं एकाच यंत्रात राहतील."

चाचा खुलले. "लय चांगलं, बेटा! एकएक न्यायले चकरा मारून पाय दुखून राहिले होते. आता एकदाच नेतो."